पिवळी वायर

हिंगोलीच्या दवाखान्याच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. आत, कॉम्प्युटरच्या खोलीत, नरसिंग महाराजांनी डोळे मिटून यंत्राच्या डब्यातली पिवळी वायर उपसली, तिच्या टोकाला लिंबू टोचलं, आणि पंधरा दिवस मुकी पडलेली नरसी नामदेव गावच्या शाखेची लाईन बोलायला लागली! तिथल्या रोग्यांचे रक्ताचे रिपोर्ट हिंगोलीच्या पडद्यावर धडाधड उतरले. बायांनी हात जोडले. साल दोन हजार नऊ. महाराजांना आता कॉम्प्युटरचंही वावडं राहिलं नव्हतं.

"भुताची छाया वायरीतून शिरली!" महाराज गरजले. "तिला आणणारी रोज हात लावणारी बाईच हाय. पुढं ये, माय."

खोली झाडणारी पंचफुला पुढं झाली. आठ दिवसांपूर्वी जाळी काढताना तीच वायर निसटली आणि लाईन चालू झाली होती. परत लावली, की बंद. तिनं लगेच मॅनेजर किशनरावांना सांगितलं. "तू झाडू मार," एवढंच ते म्हणाले. मग पायरीवर बसून तिनं आयाबायांना सांगितलं, तेव्हा महाराजांचा चेला शेजारीच तंबाखू मळत होता.

"मन साफ असंल तर तळहातावर जळता कापूर थंड लागंल," महाराज म्हणाले.

"सायेब, कापूर कुणालाबी भाजतोच की वो!" पंचफुला किशनरावांना म्हणाली.

"नोकरी पायजे का न्हाई?" किशनरावांनी विचारलं.

घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. तिनं उजवा हात पुढं केला. कापूर विझेपर्यंत तळव्याची कातडी सुटली. "जळली! दोष हाईच!" महाराज ओरडले. हात भाजूनही नोकरी गेलीच.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून साधना नावाची तंत्रज्ञ आली. पायरीवर हाताला फडकं बांधून बसलेल्या पंचफुलाला तिनं विचारलं, "मावशी, तुमाला काय दिसलं?" सगळं ऐकून ती आत गेली आणि लिंबू फेकून वायर लावली. डब्यावरचे दिवे पिसाळले, लाईन मेली.

"छाया!" आजही ठाण मांडून बसलेले महाराज किंचाळले.

"मावशी बाहेर हाईत. वायर मी लावली. जाळा माझा हात."

महाराज मागं सरकले. साधना किशनरावांकडं वळली. "नरसीला जायला दोन वाटा हाईत. एक फोन कंपनीची जुनी लाईन, दुसरी पंधरा दिवसांमागं बसवलेल्या टॉवरची, म्हणजे ही पिवळी. हितला डबा अन् नरसीचा डबा दर दोन सेकंदाला एकमेकाला हाळी देतेत. दोन्हीकडून हाळी आली, तर एक वाट झाकून ठेवतेत. पण कंपनीच्या लाईनीवरचं मधलं यंत्र ती हाळी आपल्यालाच समजून गिळून राहिलं. मग दोन्ही वाटा उघड्या, अन् एकच निरोप घाण्याच्या बैलावानी गरगर फिरतो. पिवळी काढली की घाणा थांबतो. त्यात चमत्कार कसला?"

तिनं कंपनीला फोन लावला. डब्यांची हाळी पाकिटात घालायची, मधे न फोडता पलीकडं पोचवायची, असं त्यांच्या यंत्राला शिकवून ठेवता येतं. कुणी ते केलंच नव्हतं. अर्ध्या तासात झालं. आता दोन्ही वायरी लावूनही दिवे शांत. साधनानं कंपनीची वायर उपटली, तर पाऊण मिनिटात रिपोर्ट पिवळीतून यायला लागले. तोवर महाराज मागच्या दारानं पसार झाले होते.

"चूक झाली, पंचफुला. उद्यापासून ये," किशनराव बाहेर पायरीशी येऊन म्हणाले.

"मी सांगितलेलं तुमी मधीच गिळलं, सायेब," ती म्हणाली. "तवा बराबर ऐकलं ते एकट्या महाराजानं, चेल्याच्या कानानं. अन् त्यानंच माझा हात जाळला."

बाबांनो, यंत्राला भूत लागत नाही. ते बिघडतं, आणि का बिघडलं हे शोधता येतं. लिंबू आणायला धावण्याआधी त्या खोलीत रोज वावरणाऱ्या माणसाला विचारा. पंचफुला कामावर परत गेली. तिची उजवी मूठ अजून पुरती मिटत नाही, म्हणून झाडू ती डाव्या हातानं धरते.