तेराचे पावणेदहा

लोखंड कातायची लेथ टेम्पोतून उतरत असतानाच दीपेशने आपल्या बापाचा फायदा मोजून पाहिला, आणि तो शून्य भरला. खाडीच्या बांधाला लागून असलेल्या घराच्या पडवीत दोन खोल्या निघाल्या असत्या. भाडेकरू तर चंदनसारला आपण राहतो त्या बिल्डिंगखालीच रांगेत उभे आहेत, असं तो सांगे. त्याऐवजी तिथे बापाच्याच वयाची, कंपनीने मोडीत काढलेली मशीन येत होती.

बापाचा, म्हणजे शत्रुघ्नचा, हिशोब वेगळा. एकतीस वर्षं त्याने वसई फाट्याच्या कारखान्यात दुसऱ्याच्या मशीनवर दुसऱ्याची कामं केली. निवृत्त झाल्यावर घरात त्याला विचारण्याजोगे दोनच प्रश्न उरले: चहा घेणार का, आणि पंखा बंद करू का. स्वतःचं वर्कशॉप झालं, तर तिसरा प्रश्न घेऊन बाहेरून कुणीतरी येईल. लाभ म्हणाल तर एवढाच.

बापलेकात शेवटी ठरलं की होळीपर्यंत बाहेरचं एक तरी काम बिनचूक करून दाखवायचं. नाहीतर लेथ भंगारात आणि पडवी दीपेशकडे.

पडवी मात्र बघण्यासारखी झाली. खाडीचं पाणी अडवणाऱ्या जुन्या दाराच्या फळ्यांना रंधा मारून त्याने कामाचं टेबल केलं. कानशींना बाभळीच्या मुठी बसवल्या. भिंतीवरच्या प्लायवर प्रत्येक हत्याराभोवती काळी रेघ मारली. पाना जागेवर नसला की त्याची रिकामी आकृतीच चुगली करायची. लेथखाली हातभर खोल काँक्रीट ओतलं आणि चारही पाय लेव्हलमध्ये बसवायला एक अख्खी दुपार घालवली.

आणि एवढं करून लेथ लहरी निघाली. आज कातलेली सळई दोन्ही टोकांना सारखी यायची, चार दिवसांनी तीच मशीन एक टोक कागदाच्या जाडीइतकं जास्त ठेवायची. शत्रुघ्नने बेअरिंग बदललं, हत्यार बदललं, विजेच्या दाबाला शिव्या घातल्या. माणसाने दोष शोधायला निघावं आणि पायाखाली सोडून सगळीकडे बघावं, तसं चाललं होतं.

पौषातल्या द्वादशीला पाचूबंदरचा सॅन्टन आला. त्याच्या बोटीवर जाळं ओढायचा जो विंच, त्याचा हाताएवढा शाफ्ट मोडला होता. मोठ्या वर्कशॉपवाल्यांनी आठ दिवस सांगितले होते, आणि परवा पहाटे सगळ्या बोटी निघणार होत्या.

"तुझ्या नावावर आलोय, शत्रुघ्नभाऊ," तो म्हणाला. "जमेल ना?"

हा तिसरा प्रश्न. शत्रुघ्नने उद्या संध्याकाळी घेऊन जा म्हणून सांगितलं, आणि सॅन्टन गेल्यावर एक सळई कातून मोजली. फरक होता. एवढ्या फरकाचा शाफ्ट विंचमध्ये बसला असता, फिरलाही असता, आणि आठवड्याने भर समुद्रात बेअरिंग जाळून थांबला असता. तोवर होळीची अट पुरी झाली असती. दुसरा कुणी असता तर हे गणित त्याने मनात तरी करून पाहिलं असतं. शत्रुघ्न जेवलाच नाही.

त्याच्या बायकोने, जिजाने, ताट झाकलं आणि काय झालं ते विचारलं. त्याने सळई दाखवली, कुठल्या कुठल्या दिवशी मशीन बिघडते तेही सांगितलं. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

"अर्धी मशीन बांधावर हाय, अर्धी नाल्यावर," ती म्हणाली. "सासऱ्यांनी तो नाला माज्यादेखत बुजवला. उधानाच्या भरतीला त्यातनं पानी अजून वर चढतं, जमीन फुगते. मी तिथं चूल मांडलेली, तं चूल फुटली."

"मग बोलली का नाहीस?"

"मना कोनी इचारला?"

मशीन बसवली त्या दुपारी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी होती, हे तिला पक्कं आठवत होतं, कारण तेव्हा ती खाडीत शिंपल्यातली कालवं काढत होती. म्हणजे लेव्हल बरोबर होती ती सुकतीच्या जमिनीची. उद्या त्रयोदशी. तिथीची पाऊणपट करायची: तेराचे पावणेदहा. पावणेदहाला भरती, चारला सुकती. पाणी तळाला थांबेल तेवढ्या वेळात शेवटचा हात मारायचा.

घड्याळावर तिचा भरवसा नव्हता. वारा असला तर पाणी उशिरा फिरतं, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. दुसऱ्या दिवशी तीनला शत्रुघ्नने शाफ्ट लेथवर चढवला आणि जिजा बांधावर जाऊन उभी राहिली. गावातल्या बायका कोयत्या-टोपल्या घेऊन चिखलात उतरत होत्या. पंधरवड्यातली कालवांची ही मोठी सुकती. शेजारच्या मीराने तिला चल म्हटलं. जिजाने मानेनेच नको सांगितलं.

सव्वाचारला तिने आवाज दिला, "पानी थांबला."

आत लेथ सुरू झाली. लोखंडाची साल एकसारखी, न तुटता सुटत राहिली. पाऊण तास ती बांधावरून पाण्यात रोवलेल्या काठीकडे बघत उभी होती आणि खाली बायकांच्या टोपल्या भरत होत्या. पाणी काठीवर बोटभर चढलं तशी तिने पुन्हा हाक मारली. शत्रुघ्नने मशीन बंद केली, शाफ्ट दोन्ही टोकांना मोजला, मग पुन्हा मोजला. टोकं सारखी होती.

सॅन्टन सहाला येऊन शाफ्ट घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी त्याचा समुद्रातून फोन आला, विंच लोण्यासारखा चालतोय म्हणून. दीपेशने पडवीचं नाव काढणं सोडलं.

तेव्हा बाकी अशी: सॅन्टनची बोट वेळेवर निघाली, शत्रुघ्नचं वर्कशॉप राहिलं, दीपेशच्या दोन खोल्या बुडाल्या. बारीक काम आता सुकतीलाच करायचं ठरलं. मोठ्या सुकत्या महिन्यात दोनदा येतात, आणि पाण्यावर नजर ठेवणारं घरात एकच माणूस.

त्या त्रयोदशीच्या संध्याकाळी सगळ्या आळीला कालवांचा वास होता. शत्रुघ्नच्या ताटात मात्र वांग्याचं कालवण आलं. त्याने ते दोनदा मागून घेतलं, आणि ताटावरून उठताना जिजाचं भांडं पाण्याने भरून तिच्यापुढे ठेवलं.