सतराव्या प्रश्नावरचा निळा डाग

मी टेप न लावता माप सांगते. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेस्तोवर छाती, कंबर, बाही सगळं माझ्या डोक्यात मांडून झालेलं असतं. बँकेतल्या बाई म्हणतात, तुमच्या डोळ्यांतच टेप आहे. खोटं कशाला बोलू, असल्या कौतुकाने मी चार दिवस फुगलेली असते. त्याच तोऱ्यात मी माझ्या पोरीचंही माप काढून बसले, तिला न विचारता.

पोरीला मी टाचणी म्हणते. अंगाने तशीच बारीक, आणि बोलणंही तसंच, कमी पण नेमकं टोचणारं. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. तिला दगडांचं वेड आहे. खाणीतले, नदीतले, रस्ता खोदताना निघालेले, सगळे आमच्या खिडकीत येऊन बसतात. मी नाक मुरडायची आणि कापड बेतताना तेच दगड आखणीच्या कागदाच्या चार कोपऱ्यांवर ठेवायची.

यंदा तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. शाळेत मार्गदर्शनाला एक बाई आहेत. त्यांच्याकडे विटेएवढी जाड मार्गदर्शिका आहे, कुठल्या कॉलेजात काय शिकवतात ते विषयवार दिलेलं. टाचणीने त्यातलं एक पान शोधून त्यात माझ्याकडच्या चिंधीची खूण घालून ठेवली होती. डोंगरातलं कुठलंसं कॉलेज, खडकांचा अभ्यास, इथून दोन दिवसांचा प्रवास. शिवाय बाईंच्या कॉम्प्युटरवर एक सोय होती. पस्तीस प्रश्नांचं पत्रक पेन्सिलीने भरायचं, बाई ती उत्तरं कॉम्प्युटरला देणार आणि तो तुम्हाला साजेशी कॉलेजं काढून देणार. मग शाळेची शिफारस त्याच यादीतल्या कॉलेजांना जाणार. साजेशी हा शब्द वाचून मला हसू आलं. म्हटलं, हे तर माझंच काम.

पत्रक पालकांच्या सहीसाठी घरी आलं. टाचणी ते कापायच्या टेबलावर ठेवून बटणं आणायला गेली. मी ब्लाउज बेतत होते, सहज वाचायला घेतलं. सतरावा प्रश्न होता, घरापासून किती लांब राहायला तयार आहात? तीन चौकोन होते. घरून ये-जा, एका दिवसाच्या अंतरावर, कितीही लांब. तिने तिसऱ्यावर खूण केली होती, आणि दाबून केली होती.

मी स्वतःला समजावलं, पोर आहे, कळत नाही, तिथे आजारी पडली तर कोण बघणार. ही सगळी सोंगं होती. खरं एवढंच की संध्याकाळी दुकान बंद केल्यावर समोर कोणी नसेल, याची मला भीती वाटली. कागदावरची आखणी पुसायचा खोडरबर हाताशीच होता. मी तिसरी खूण पुसली, पहिल्या चौकोनात केली, खाली सही ठोकली. टाचणी आली तेव्हा मी तिला बटणं मोठी आणलीस म्हणून वर ओरडलेसुद्धा.

चार दिवसांनी यादी आली. तीन कॉलेजं, तिन्ही गावातली, खडकांचं नाव एकातही नाही. टाचणीने यादी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, बरी आहेत. रडली नाही, चिडली नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीतले दगड तिने टोपलीत भरून माझ्या टेबलाखाली सरकवले. तुलाच लागतात, म्हणाली.

त्यानंतर माझे हात चालेनात. बँकेतल्या बाईंची बाही दोन बोटं आखूड कापली. त्या हसून म्हणाल्या की डोळ्यांतल्या टेपला काय झालं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. लाज कशी असते ते मला वाटायचं ठाऊक आहे. गिऱ्हाइकासमोर शिवण उसवली की येते ती. ही तशी नव्हती. ही जेवताना समोर बसायची, भाजी वाढायची आणि मीठ कमी आहे का विचारायची.

शिफारशी शुक्रवारी जाणार होत्या. गुरुवारी सकाळी मी दुकान उघडलंच नाही. शाळेत मार्गदर्शनाच्या बाईंकडे गेले आणि खुर्चीवर बसायच्या आत बोलून टाकलं, की सतरावं उत्तर माझं आहे, पोरीचं नाही. आवाज इतका बारीक निघाला की बाईंनी दार लोटून घेतलं.

बाईंनी फायलीतून आमचं पत्रक काढलं. सतराव्या प्रश्नावर, पुसलेल्या जागी, निळा ठसा होता. माझ्या अंगठ्याचा. कापड आखायचा निळा खडू दिवसभर माझ्या बोटांना असतो. मला तो दिसत नाही इतकी त्याची सवय आहे. साऱ्या गावाची मापं नजरेने घेणाऱ्या बाईला स्वतःचा अंगठा दिसला नव्हता.

मग त्यांनी मागचा दुसरा कागद पुढे ठेवला. तेच पत्रक, टाचणीच्या अक्षरात पुन्हा भरलेलं. तिसऱ्या चौकोनात खूण, तशीच दाबून. पालकांच्या सहीची जागा कोरी.

बाई म्हणाल्या, "पहिलं दिलं त्याच दिवशी हेही दिलं तिने. मी म्हटलं, लगेच हेच घालते. तर म्हणाली, आई स्वतःहून आली तर हे घ्या. नाही आली तर पहिलंच राहू द्या, आणि तिला काही कळवू नका."

मी सही केली. त्याआधी अंगठा पदराला पुसला, तरी कागदाला लागलाच.

घरी आले तर टाचणी दुकान उघडून बसली होती. बँकेतल्या बाईंची आखूड बाही तिने उसवायला घेतली होती. मी सांगितलं, जाऊन आले. माझं माप चुकलं, असंही म्हणाले. मग बाहीचं दुसरं टोक धरून तिच्यासमोर बसले.

तिने दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "नऊ दिवस लागले, आई. मी रोज मोजत होते."