केसरची वाटी

माझा दगडू ‘एकच तर दिलं’ या वाक्याने मेला. आजाराने नाही, मांजराने नाही, म्हातारपणाने तर मुळीच नाही. सात वर्षांचा होता. त्याच्या जातीचे पोपट चाळीस-पन्नास वर्षं सहज काढतात. आणि मारलं कोणी? शेजारच्या केसरने. बिस्किटाने, बटाटेवड्याने, काजूने आणि वर प्रेमाने. प्रेमाने मारलं की पोलीस येत नाहीत, म्हणून म्हटलं, याचा निकाल आपणच लावायचा.

मी तुळसा. चौलात तीस वर्षं अंगणवाडी चालवली. आळीतली आज बापे झालेली निम्मी पोरं मी काट्याला टांगून मोजलेली आहेत. ते काम सोडलं तेव्हा माझ्या मुलाने, रत्नपालने, उरणहून करड्या पोपटांची जोडी आणली, कागदपत्रांसकट. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे हे मीच त्याला बजावलं होतं. नर तो दगडू, मादी ती सखू. दगडू दिवसभर टकळी चालवायचा, सखू मात्र मुखदुर्बळ.

त्यांच्या खाण्याचा तक्ता मी अंगणवाडीतल्यासारखाच भिंतीला लावला. सकाळी मोड आलेले मूग, एकेकाला पन्नास दाणे. लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, सगळं बारीक चिरून. पक्ष्यांच्या तयार गोळ्या दोन चमचे. फळाची एक फोड. सूर्यफुलाच्या बिया चार, त्यासुद्धा शहाण्यासारखं वागलं तर. मीठ, साखर, तळलेलं, चहा, चॉकलेट साफ बंद. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, आणि ते वहीत. अलिबागच्या पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई ती वही बघून म्हणाल्या होत्या, “तुळसाताई, माझे निम्मे पेशंट तुमच्यासारख्या मालकांकडे असते तर मला दवाखाना बंद करावा लागला असता.”

आता केसरचं ऐका. चाळीस वर्षांचा शेजार. मी लग्न होऊन आले ती बुद्धपौर्णिमेच्या दिवशी. खिरीची वाटी घेऊन मी तिच्या दारी गेले, तर तिच्या सासूने ती पायरीवरच ठेवायला लावली. वर म्हणाली, “गुरांच्या आंबोणात घाल.” केसरही नवीनच सून होती तेव्हा, माझ्यासारखीच अठरा-एकोणीस वर्षांची. ती बाहेर आली, पायरीवर बसली आणि सासूच्या डोळ्यांदेखत अख्खी वाटी बोटांनी चाटूनपुसून खाल्ली. संध्याकाळी वाटी धुऊन परत आली ती चवळीच्या शेंगांनी भरून. भरली वाटी रिकामी परत करायची नाही, ही आपली रीत. तेव्हापासून आमच्यात एक वाटी जायची, यायची. पुढे तिने स्टीलची नवी घेतली, बुडाला नाव कोरलेली: सौ. केसर अंबाजी. अंबाजी गेला, सासू गेली, पण वाटी फिरायची थांबली नाही.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

भाद्रपदात सूनबाईचं बाळंतपण निघालं. पूनमला आई नाही, मला उरणला जाणं भाग होतं. वीस दिवसांसाठी पक्षी केसरच्या हवाली केले. तक्ता दोनदा वाचून दाखवला, मूग डब्यात मोजून ठेवले. ती आपली हसत होती. “पन्नास दाणं? अगं, एवढ्यात चिमणीचं तरी भागंल काय?”

“भागतं. आणि वरचं काहीही द्यायचं नाही. शपथ घे.”

“घेतली, बाय. जा तू.”

परत आले तेव्हा दगडू दांडीवर फुगून बसला होता. श्वास घेताना शेपूट वरखाली होत होती. काट्यावर ठेवला तर चारशे साठ ग्रॅमचा पाचशे नव्वद. मला बघून त्याने मान वाकडी केली आणि म्हणाला, “केसर, दे.” मला नाही हो बोलावलं. सात वर्षं ज्या हाताने खाल्लं त्या हाताकडे बघून म्हणाला, “केसर, दे.”

सखू बुजरी, परक्या हातचं घेत नाही, म्हणून तेवढी वाचली. दगडू तिसऱ्या दिवशी गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यकृतावर चरबी चढली होती, आधीपासून थोडी असणार, या खाण्याने भर पडली. मी घरी येऊन केसरला विचारलं, काय काय दिलंस? ती रडत रडत बोटांवर मोजायला लागली. चहातलं बिस्कीट, वड्याचा तुकडा, घावनाचा तुकडा, काजू, फरसाण. “मागायचा गं तो. एवढं गोड बोलून मागायचा. एकच तर द्यायचे मी दर टायमाला.”

एकच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसातनं पंधरा वेळा एकच!

मी ओरडले नाही. अंगणवाडीत शिकलेली गोष्ट आहे, ज्याच्यावर ओरडतो तो सावध होतो. एवढंच म्हटलं, “आजपासून तुझ्या घरचं काही माझ्या पक्ष्याच्या तोंडी जाता कामा नये.”

“न्हाय जाणार. दगडूची आण,” ती म्हणाली.

दगडूला मागच्या नारळाखाली पुरलं. घरात आले तर ओट्यावर केसरची वाटी पालथी घातलेली. परत द्यायची राहिली होती. मी ती सुलटी केली आणि बघत बसले. केसरला शुगर आहे. सहा वर्षांपासून. आणि ती किती खादाड आहे ते अख्ख्या चौलला ठाऊक आहे. जो गुळाने मरतो त्याला विष कशाला?

पहिल्या दिवशी नारळाच्या वड्या दिल्या. दूध आटवून, साखर दीडपट. दारात उभी राहून गोड आवाजात म्हटलं, “घे गं. झालं गेलं विसरून जा. एकच खा हवी तर.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “माझ्यावर राग न्हाय ना तुझा?”

“छे! राग कसला?”

मेल्याहूनही मेल्यासारखं काही वाटायला हवं होतं मला. नाही वाटलं. उलट घरी येऊन मी आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

मग सपाटाच लावला. दिवसाआड वाटी. सांदण, त्यावर नारळाचा गोड रस. शिरा, तुपात पोहणारा. पुरणाच्या करंज्या. बासुंदी. वाटी परत यायची ती धुतलेली आणि भरलेली, कधी तोंडली, कधी आमसुलं, कधी माठाची जुडी. मी तिच्या वाडीतला भाजीपाला चिरून सखूला घालायची आणि पुढच्या गोडाची तयारी करायची. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी चमच्याने करत होते.

फरक दिसायला लागला. केसर चालताना पाय ओढू लागली. एके दिवशी अंगठ्याला पट्टी दिसली. मी काळजीच्या सुरात विचारलं, “काय झालं गं पायाला?” ती म्हणाली, “काय न्हाय, न्हाणीत घसरले.” मी मनात म्हटलं, घसर. शुगरवाल्या माणसाचा अंगठा असाच सुरू होतो. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? दगडूच्या नारळापाशी जाऊन मी त्याला ते सांगितलंसुद्धा.

इकडे सखूने दगडू गेल्यावर अन्न टाकलं होतं. चारशे दहाची तीनशे सत्तरवर आली. छातीवरची पिसं उपटायची. मी तिच्यासमोर मूग धरून तास तास बसायची. आणि मग हळूहळू वजन वर येऊ लागलं. तीनशे नव्वद. चारशे वीस. मूग तसेच उरायचे, पण काटा चढत होता. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. तीस वर्षं मी कमी वजनाची पोरं मोजली. काटा खाली गेला की काळीज हलायचं, काटा वर गेला की पोराच्या आईला मिठी मारायची, एवढंच मला ठाऊक. चारशे साठ झालं तेव्हा मी वहीत हिरव्या पेनाने गोल केला. बाई गं, माझं लेकरू दुःखातनं बाहेर आलं.

दिवाळी आली. आमच्या घरी दिवाळी नसते, पण अनारसे आळीत माझ्याइतके जाळीदार कुणाला येत नाहीत. पीठ मुद्दाम तिच्यासाठी भिजवलं. सातच केले, गूळ सढळ, वर खसखस गच्च. सातही वाटीत. स्वतः चव घेतली नाही. वाटी गेली, आणि दोन दिवसांनी पेरू भरून परत आली.

त्या रविवारी सखूला काट्यावर ठेवलं. चारशे अठ्ठ्याण्णव. शेपूट वरखाली होत होती. मी तिला जवळ घेतलं तर चोचीच्या कडेला काहीतरी चिकटलेलं. नखाने काढून तळहातावर घेतलं. गुळात माखलेली खसखस.

माझ्या घरात खसखशीचा दाणा असलेली एकच गोष्ट झाली होती, आणि ती केसरच्या वाटीतून गेली होती.

रिक्षा करून अलिबाग गाठलं. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, रक्त काढलं, आणि माझ्याकडे बघितलं ते नेहमीसारखं नव्हतं. “तुळसाताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तेच यकृत, तीच चरबी. औषध देते. एवढासाही गोडाचा कण पोटात जायला नको. महिना काढला तर वाचेल.”

गूळ माझा, तूप माझं.

सखूचा पिंजरा घरात ठेवला, दार लावलं, ओट्यावरची वाटी उचलली आणि तशीच केसरकडे गेले. ती चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी थापत होती.

“तू सखूला अनारसे दिलेस?”

ती दचकली नाही. उलट हसली. “कळलं व्हय तुला? म्हटलं, ती बरी झाली की सांगंन. अगं, खातच नव्हती ती. तू दुपारची आडवी झालीस की मी कुंपणाकडनं पडवीतल्या पिंजऱ्यापाशी यायची. आधी बघायची पण न्हाय माझ्याकडं. मग तुझ्या वड्या दिल्या, तर लागली खायला. तुझ्या हातची चव वळखली तिनं.”

“मी तुला बजावलं होतं!”

“माझ्या घरचं देऊ नको म्हणालीस. मी माझ्या घरचा दाणा न्हाय दिला. आण घेतली होती मी. तुझ्याच घरचं होतं सगळं.”

“आणि तू? तू का नाही खाल्लंस?”

“मला कुठं चालतंय? दगडू गेला तवापास्नं मी गोडाला शिवले न्हाय. माझ्या या खा-खा पायी तो जीव गेला. म्हटलं, केसर, आता तुझं तोंड बंद.” तिने भाकरी तव्यावर टाकली. “पण तुझ्या घरची वाटी टाकायची कशी? ती मी जन्मात टाकली न्हाय. सखूला तरी लागते म्हणून दिली. दर टायमाला एकच तुकडा द्यायची गं, एवढासा.”

मला वाटलं तिच्या झिंज्या धराव्यात. मग वाटलं, माझ्याच धराव्यात. हात दोन्हीकडे जाईनात. शेवटी तोंडच उघडलं.

“केसर, ते गोड मी प्रेमाने नाही पाठवलं. तुझी शुगर वाढावी म्हणून पाठवलं. तू मरावीस म्हणून. तुझा अंगठा बघून मी हसले होते.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली. केसरने ती उलटली नाही. मग उठली, पाय ओढत आली, माझ्या हातातली वाटी घेतली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती रिकामी परत आली होती. तिने आत बघितलं, बोटाने बूड पुसलं, जिथे तिचं नाव कोरलेलं आहे तिथे बाहेरूनही पुसलं.

मला वाटलं, आता ती वाटी माझ्या अंगावर भिरकावणार. भिरकावली असती तर बरं झालं असतं.

ती कोपऱ्यातल्या फडक्याकडे गेली. स्वतःसाठी मूग मोडाला घातले होते तिने. खाली बसून एकेक दाणा वाटीत टाकायला लागली, ओठ हलवत. मी उभी होते. पन्नास झाल्यावर तिने फडकं बांधलं आणि वाटी माझ्या हातात दिली.

“सखूला. तक्त्यात एवढंच होतं ना?”

मी मान हलवली. उंबऱ्यापर्यंत आले तेव्हा मागून तिचा आवाज आला, हळू, जराही न चिडता.

“तुळसा, तसं सांगायचंस ना मला. मी खाल्लं असतं.”

मी वाटी दोन्ही हातांनी धरून घरी आले. त्यातला एक दाणाही सांडू दिला नाही.