काठाला पोचलेला हिरवा ठिपका

ऋता आमची एकुलती एक. हैदराबादला प्रयोगशाळेत काम करते. त्या थंडीत ती बालाघाटला आली ती एक सीडी घेऊनच. जिवंत पेशीच्या आत तयार झालेलं प्रथिन काठापर्यंत कसं जातं, ते तिनं सूक्ष्मदर्शकाखाली टिपलं होतं. प्रथिनाला म्हणे हिरवं चमकणारं शेपूट जोडायचं, वरून निळा उजेड टाकायचा, की त्याची वाट दिसते.

बाबांना दाखवायचंय म्हणाली, आणि मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचे डोळे काचबिंदूनं दिवाळीआधीच गेले होते. पोरीला कळलं तर काम सोडून घरी येऊन बसेल, म्हणून ह्यांनी मला शपथ घातलेली. परसवाड्याच्या तहसिलीत जन्म काढलेला माणूस, ऐकतो कुणाचं? सवयीनं घरभर फिरत, आणि वर तिलाच विचारत, काहून वाळली वं पोरी?

सिनेमाला अंधार हवा होता. मी दिवेलागणीला देवापुढे दिवा लावायला निघाले, तर थोडं थांब म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून माझा दिवा कधी चुकला नव्हता. कुरकुरत काडेपेटी हातात धरून थांबले.

टीव्हीवर आवाज नव्हता, नुसते काळ्यावर हिरवे ठिपके सरकत होते. खरंच देखणं होतं ते. हे खुर्चीत ताठ बसून सांगत होते, आता निघाला, आता वळला. दर रविवारी फोनवर तिनं सांगितलेलं सगळं ह्यांना पाठ. पोरगी खुलली होती. लबाड माणूस, आणि रडू मात्र मला येत होतं.

तेवढ्यात वीज गेली. आमच्याकडे ती जायचीच, पण नेमकी आत्ता? खोली अंधारात गुडुप झाली. हे बोलतच होते.

"तो पाह्य, ऋता. आता काठाले येऊन राह्यला."

ऋताला सगळं कळलं, हे मला तिच्या श्वासावरून कळलं. काडी ओढायला माझा हात उठला होता. पण काडीचा आवाज ऐकला असता, तर वीज गेल्याचं, आणि आपलं सोंग उघडं पडल्याचं, ह्यांनाही समजलं असतं. मी काडेपेटी पदरात घट्ट धरली.

ती उठून ह्यांच्या पायाशी बसल्याची चाहूल लागली.

"हौ बाबा," ती म्हणाली. "पोचला. आता त्याच्या मागून दुसरा निघाला, पाहा."

ती सांगत राहिली, हे हुंकार देत राहिले. त्या संध्याकाळी माझा दिवा चुकला.