माह्या गाठीनं फुटलेलं कवेलू

मी एक जुना दोर हाये, मित्रांनो. अंबाडीचा, अंगठ्याएवढा जाड. पहिले पुरा साठ हात होतो, आता सत्तावन्न. ते तीन हात कुठं गेले, तेच तुमाले सांगाचं हाये. पण एकदम तिथंच गेलो तं मजा नाई येनार, म्हनून बुडापासून सांगतो. बसा आरामात.

माहा जन्म सोनाळ्याचा. उत्तमराव नावाच्या मानसानं तुरीच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, अंबाडी पेरली होती. तिची भाजी खाऊन झाली, बोंडाची चटनी झाली, अन् जे फोक उभे राह्यले ते त्यानं कापून नाल्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवले. पंधरा-वीस दिवस मी तिथं सडत होतो. असा वास सुटला का त्या रस्त्यानं जानाऱ्या बाया नाकाले पदर लावत, अन् उत्तमरावच्या खानदानाचा उद्धार करत पुढं जात. मंग त्यानं माहे धागे सोलले, धुतले, वाळवले अन् अंगनात बसून तीन पदरी पीळ भरला.

पीळ भरताना उत्तमराव तोंड उघडत नव्हता. फक्त एकदा शेजारचा कोनी विचारत होता, "काऊन बे, बोलत काऊन नाई?" तवा तो म्हने, "बोललो का पीळ ढिल्ला पडते." एवढंच बोलला. अन् तेवढ्या जागी मी आजही थोडा ढिल्ला हाये.

शेवटी माह्या एका टोकाले त्यानं गाठ मारली. मुठीएवढी, अन् आंदर नाल्यातला एक गोल गोटा. दोर लांब फेकाचा असला तं टोकाले वजन पाह्यजे ना! हे गाठ ध्यानात ठेवजा, मित्रांनो. पुढं सारा घोळ हिनंच केला.

उत्तमरावनं मले आपल्या पोराच्या, भागवतच्या हातात देल्लं. भागवत गाडी चालवते. ट्रक म्हना, पन तो गाडीच म्हनते. दिवाळीपासून खामगावच्या जिनिंगले कापूस, मंग संत्रे, मंग कोनाच्या घराच्या विटा. अन् उन्हाळ्यात भाडे कमी झाले का तो झाडावर चढते. घरावर आलेल्या फांद्या, तारीत घुसलेल्या फांद्या, वाळलेले बुंधे, सारं उतरवून देते अन् त्याच गाडीत भरून नेते. म्हंजे मले दोन नोकऱ्या. गाडीवर माल बांधाचा, अन् झाडावर फांदी धराची.

त्याच्यासंग गुलाबमामा असते. साठीचा मानूस, पोट गाडीच्या बोनेटासारखं पुढं. कापूस भरून झाला का भागवत गाडीच्या या बाजूनं मले हातात घेते, दोन झोके देते अन् "सांभाळ मामा!" म्हनून पुऱ्या ताकदीनं पलीकडं फेकते. मी हवेतून जातो, कापसाच्या ढिगावरून घसरतो अन् गुलाबमामाच्या पुढ्यात पडतो. मामानं मले हवेत कधीच झेललं नाई. तरी दर खेपेले म्हनते, "झेललाच होता, हातातून सुटला." दिवसातून चार-चारदा हेच. भागवतच्या हाताले या फेकाची इतकी सवय झाली का हात आता डोक्याले विचारत नाई. हेही ध्यानात ठेवजा.

भागवत सातवी शिकेल हाये, पन त्याले मतं लय हायेत. सारी मतं मी आयकली, कारन मी सीटच्या मांगंच राहतो. एक दिवस एका साहेबानं फोन केला, का अंगनातलं झाड तोडून द्या, पानं लय पडतात. भागवत म्हने, "साहेब, झाडाची पानं नाई पडनार तं काय बिस्किटं पडनार?" फोन कटला. मंग पाच कोस तो माह्याशी अन् गुलाबमामाशी भांडत होता, जसं आमीच ते झाड तोडाले निघालो. "मामा, बुडापर्यंत फरशी बसवतात अन् म्हनतात झाड वाळून काऊन राह्यलं! तुह्या गळ्याभोवती फरशी बसवतो, मंग सांग." मामा म्हने, "माह्या गळ्यापर्यंत फरशी पोचनार नाई, मधात पोट येते."

भागवतनं गाडीच्या मांगं शेरोशायरी नाई लिहेल. पेंटरकडून लिहून घेतलं, 'दमानं घ्या, झाड वाढाले टाइम लागते'. मांगच्या गाडीवाल्याइले त्याचा अर्थ लागत नाई, पन ते वाचापुरते हळू होतात.

अन् त्याची एक रीत हाये. ज्या झाडाची फांदी काढाची, त्याच्यापाशी तो आदल्या दिवशी सांजच्याले जाते. बुंध्याले हळदकुंकू लावते, एक सुपारी ठेवते अन् सांगते, "उद्या तुही एक फांदी नेतो, बाप्पा. पाखराइले सांगून दे." घरटं दिसलं तं काम पुढं ढकलते. लोकं हसतात. तोही हसते, पन सुपारी ठेवल्याबिगर चढत नाई.

दर दसऱ्याले गाडी धुतली जाय, कुऱ्हाड, कोयता, पाना, जॅक अन् मी, सारे एका पाटावर. भागवतची बायको जनकाबाई मले पहिलं कुंकू लावे. असे माहे दिवस मजेत गेले. मंग घरात निळा नायलॉन आला. चकचकीत, हलका, पान्यानं सडत नाई, उंदीर खात नाई. माल बांधाचं काम त्याच्याकडं गेलं. मी सीटखाली जॅकच्या बाजूले. मांगच्या दसऱ्याले पाटावर तो बसला अन् मले बाहेर काढाची आठवनच कोनाले राह्यली नाई. मी कोनाले बोललो नाई, पन त्या दिवशी सीटखालून झेंडूचा वास येत होता तो मले आवडला नाई.

आता या मुद्द्यावर.

वरवट बकालच्या फाट्यावर आशाबाईचं चहाचं दुकान हाये. दुकान म्हंजे एक स्टोव्ह, एक टेबल, तीन बाकडे. छप्पर नाई. छप्पर म्हंजे वरचा कडूनिंब. सकाळपासून लोकं त्या सावलीत बसतात, एस्टीची वाट पाह्यतात, चहा पेतात. झाडाच्या मांगंच बाईचं कवेलूचं, म्हंजे कौलाचं घर. निंबाची एक फांदी, गुलाबमामाच्या पोटाएवढी जाड, बरोब्बर त्या घरावर लटकून होती.

बाईचा पोरगा गजेंद्र खामगावले शाळेत क्लार्क हाये, शनिवार-रविवारी घरी येते. त्यानं भागवतले बोलावलं. म्हने, "भागवतभाऊ, पुरं झाड बुडापासून काढा. पाऊस जवळ आला. मायची खाट बरोब्बर याच्याखाली हाये. वारं सुटलं का मले खामगावात झोप लागत नाई."

आशाबाई चहा गाळता गाळता म्हने, "झाड गेलं तं मी दुकान काय तुह्या ऑफिसात लावू?"

"माय, पत्रे टाकून देतो."

"उन्हाळ्यात पत्र्याखाली बस तू एक दिवस. चहा ठेवाले स्टोव्हही नाई लागनार."

भागवतनं वर पाह्यलं, घराकडं पाह्यलं, चहा संपवला. म्हने, "गजेंद्रभाऊ, झाड धडधाकट हाये. खोट फक्त त्या फांदीत हाये. तेवढी दोरावर उतरवून देतो. कवेलूले धक्का नाई लागनार."

"अन् लागला तं?"

"एक जरी कवेलू फुटलं, तं त्याच दिवशी बुडापासून तोडून देतो. शब्द देल्ला."

आशाबाईच्या हातातली गाळनी तिथंच थांबली. पन शब्द तोंडातून गेला होता.

सांजच्याले भागवतनं सुपारी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबमामानं निळा नायलॉन बाहेर काढला. भागवत म्हने, "तो नको मामा. झाडावर घसरते. म्हाताऱ्याले काढ." म्हातारा म्हंजे मी! जॅकच्या बाजूचा मी, तेल लागेल, धूळ लागेल. भागवतनं मले पुऱ्या साठ हात हातातून सरकवून पाह्यलं, पेड मोजल्यासारखं. माहे केस खरखरीत हायेत, साल धरून बसतात. त्या दिवशी मले माह्या खरखरीतपनाचा लय अभिमान वाटला.

गाठीचं टोक फांदीले बांधलं. मधला भाग वरच्या दुबेळक्यातून, जिथं दोन फांद्या फुटतात तिथून, काढला. खालच्या टोकानं गाडीच्या मांगच्या हुकाले दोन वेढे, अन् ते टोक गुलाबमामाच्या हातात. गजेंद्र घराच्या बाजूले उभा, वर पाह्यत. आशाबाईनं स्टोव्ह बंद केला होता. तिचा स्टोव्ह दिवसा बंद झालेला फाट्यावरच्या लोकाइनं पहिल्यांदा पाह्यला.

भागवतनं वर चढून करवतीच्या मशीननं फांदी कापली. कट्ट आवाज आला अन् सारं वजन माह्यावर आलं. मी तानलो. फांदी कवेलूच्या वर हातभर लटकत राह्यली.

"सोड मामा, हळू!"

मामा एक-एक बोट सोडत होता. फांदी घरावरून सरकून अंगनाकडं याले लागली. अन् मित्रांनो, नेमकं त्याच वक्ती माहा तो ढिल्ला भाग, उत्तमराव बोलला होता तो, दुबेळक्यावर आला. माहा एक पदर करकरला. भागवतले दिसलं. तो ओरडला नाई. एकदम हळू म्हने, "मामा, थांबू नको. झटकाही देऊ नको. लेकरू पाळन्यात ठेवल्यासारखं सोड."

त्या दिवशी गुलाबमामानं काय दोर सोडला! मी त्याची लय चेष्टा करतो, पन ते मी कधी विसरनार नाई. फांदी कवेलूवरून गेली, पानं फक्त कवेलूले झाडून गेले, अन् अंगनात बसली. आवाजही नाई झाला.

बाकड्यावरच्या लोकाइनं टाळ्या वाजवल्या. गजेंद्रही हसला. भागवत खाली आला, मले फांदीपासून सोडलं, मले गोळा करत परत वर चढला, का दुबेळक्यात अडकेल भाग सोडवून घेऊ. सोडवलं. वरून पाह्यलं तं खाली गुलाबमामा उभा, गाडी उभी, काम फत्ते. भागवतचा हात खुश झाला. दोन झोके देल्ले.

"सांभाळ मामा!"

अन् मले फेकलं. जसं कापसावरून फेकते तसं, पुऱ्या ताकदीनं. पन खाली कापूस नव्हता.

फट्!

माही गाठ, आंदरच्या गोट्यासगट, बरोब्बर कवेलूवर. एक कवेलू मधातून दोन.

 गुलाबमामा म्हने, "झेललाच होता..."

भागवत झाडावरून उतरला. तोंड पार पडून गेलं होतं. आशाबाई घाईनं म्हने, "ते पहिलेच फुटेल होतं. माकडानं फोडलं होतं."

"नाई मावशी," भागवत म्हने. "खोटं नको. मीच फोडलं. शब्द देल्ला होता." अन् तो बुंध्यापाशी जाऊन उभा राह्यला. कालचं कुंकू अजून होतं तिथं. मशीन हातात घेतली, पन चालू करत नव्हता.

आशाबाई पदर खोचून पोरापुढं उभी राह्यली. "कवेलू कोनं फोडलं, गजेंद्र?"

"भागवतभाऊनं."

"कशानं?"

"दोरानं."

"निंबानं फोडलं का?"

"नाई."

"मंग निंबाले सजा काऊन? ज्यानं फोडलं त्याले तोड!"

मित्रांनो, सारे माह्याकडं पाहाले लागले. मी कवेलूवरून अर्धा खाली लटकून होतो. पळाले पाय नव्हते.

गजेंद्रनं वर पाह्यलं. घरावर आता मोकळं आभाळ होतं, फांदी नव्हती. मंग मायकडं पाह्यलं. मंग एकदम ऑफिसातल्यासारखं तोंड करून म्हने, "तोडाचं ठरलं होतं, म्हंजे काहीतरी तोडाच लागन. दोर तोडा. गाठीसगट तीन हात. बाकीच्याले माफी."

लोकं हसले. भागवत नाई हसला लगेच. त्यानं माही गाठ हातात घेतली. उत्तमराव जाऊन आता पाच वर्षं झाले, अन् ते गाठ त्याच्या हातची होती. भागवतनं तिच्यावरून अंगठा फिरवला. मंग कोयता घेतला अन् एका घावात मले तोडलं. दुखलं म्हनाल तं थोडं. पन बुंध्यावर घाव पडला असता तं त्याच्यापेक्षा जास्त दुखलं असतं.

आशाबाईनं ते तीन हात फेकू देल्ले नाई. भागवतले परत वर चढवलं, गाठ दुबेळक्यात पक्की अडकवली अन् खालच्या टोकाले पाखराइच्या पान्याचं मडकं लटकवलं. मंग सगळ्याइले चहा. फुटलेल्या कवेलूच्या जागी भागवतनं आपल्या ढोराच्या कोठ्याचं एक आनून बसवलं. ते काळं हाये, बाकीचे लाल. रस्त्यावरून बराबर दिसते.

अन् या दसऱ्याले पाटावर नायलॉनच्या बाजूले मी होतो. जनकाबाई म्हने, "हा तं बुटका झाला!" अन् पहिलं कुंकू मलेच लावलं.

तं मित्रांनो, काम चालू असताना सारेच जपतात. झाडालेही, दोरालेही, कवेलूलेही. घोळ होते तो काम झाल्यावर, टाळ्या वाजल्यावर. म्हनून माही एवढी विनंती हाये. तुमच्या घरी माह्यासारखा कोनी असला, दोर असो, कुदळ असो का बादली, तं काम झाल्यावर त्याले फेकू नका. हातानं खाली ठेवा. धूळ झाडा, ओला असला तं वाळवा, अन् सीटखाली विसरू नका.

अन् कधी वरवटच्या फाट्यावर चहा प्याले थांबले तं वर पाहजा. मडक्याच्या वर एक गाठ दिसन, मुठीएवढी. ते मीच हावो. आमची गाडी तिथून जाते तवा भागवत एक छोटा हॉर्न मारते. लोकाइले वाटते आशाबाईले मारला. आशाबाईलेही तसंच वाटते. तुमी मात्र तिथं हॉर्न मारू नका, मडक्यावर साळुंक्या पानी पिऊन राह्यल्या असतीन.