शुगर

कमलाकरांना ऐन पंचविशीत मधुमेह जडला, तोही पहिल्या प्रकारचा. शरीरात इन्सुलिन तयारच होत नसे. सगळं बाहेरून टोचायचं. भरभर चाललं की त्यांची साखर एकदम उतरायची आणि हातपाय लटपटायचे. मग खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या कामी यायच्या. चालणं मात्र त्यांनी सोडलं नाही. खांदा कॉलनीतल्या बागेत सकाळी जमणाऱ्या घोळक्यात सगळ्यात पुढे तेच असत.

त्या घोळक्यात शुगर म्हणजे रोग, चढणारा. उतरणारी शुगर कुणाच्या गावीही नव्हती. "कमलाकरराव, आम्ही कारल्याचा रस पितो नि तुम्ही गोळ्या चघळता. यमाला लाच दिलीत वाटतं?" हितेशभाई विचारायचे. कमलाकर हसायचे. समजावून सांगायचा त्यांना कंटाळा होता.

कमलाकरांचं दहावं उरकल्यावर घोळक्यातल्या शशिकलाकाकू त्यांच्या मुलीला, किशोरीला भेटायला आल्या. साखर पार तळाला गेली होती, एवढंच डॉक्टरांनी किशोरीला सांगितलं होतं. खिशात गोळ्या असताना ती इतकी कशी गेली, हे कोडं तिला सुटत नव्हतं.

काकूंनी सगळं सांगितलं. त्या सकाळी कमलाकर बागेतल्या बाकावर बसले ते घामाने निथळतच. नुसतं शुगर, शुगर म्हणत होते. हात खिशाकडे जाई, तो हितेशभाईंनी धरून ठेवला. काकूंनी कमलाकरांच्याच पिशवीतून इन्सुलिनचं पेन काढलं. यजमानांना त्यांनी वर्षानुवर्षं टोचलं होतं. पेनावरचा डोसचा आकडा फिरवायला त्यांना चष्माही लागला नाही.

"पोटावरच दिलं. हट्ट करत होते गं, लहान मुलासारखे. हात ढकलत होते माझा."

किशोरीने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"तरी गेले," काकू म्हणाल्या. "मी कमी दिलं का गं?"

"नाही काकू. कमी नव्हतं."

काकूंनी सुस्कारा सोडला. हाच प्रश्न त्यांना झोपू देत नव्हता. किशोरीला वाटलं, राहू दे. म्हाताऱ्या बाईला घरी जाऊ दे. बाबा काही परत येणार नाहीत.

काकू मात्र सैलावून बोलत राहिल्या. आता त्या स्वतःच पेन घेऊन बागेत जाणार होत्या. सुकापूरहून एक तरुण पळायला येतो, कमलाकररावांसारखाच टोचून घेणारा, तोही लहानपणापासून. त्याला कधी घाम फुटला तर जवळ कुणी जाणतं नको का?

किशोरीने उठून दार लोटलं आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

"काकू, बाबा शुगर वाढली असं सांगत नव्हते. मागत होते."

"काय मागत होते?"

"साखर."

मग पेनातल्या औषधाने काय केलं तेही तिने सांगितलं, अगदी सावकाश. काकू पुरे म्हणाल्या, कानांवर हात ठेवले. किशोरीने ते हात धरून खाली घेतले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.