वॉल्ट ग्रिमशॉ आधी गेला

संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, सॉल्टमरच्या मैदानावर, पाहुण्या संघाच्या वेगवान डग्लस राउनट्रीचा आखूड टप्प्याचा चेंडू वॉल्ट ग्रिमशॉच्या डाव्या कानामागे बसला. वॉल्टच्या डोक्यावर फक्त कापडी टोपी होती. तो आधी गुडघ्यांवर आला, मग कुशीवर कलंडला आणि हलला नाही. वॉल्ट हा फिरकी टाकणारा, फलंदाजीत दहावा. त्या वेळी तिथे उभं असायला हवं होतं सिरिल वेदरॉलने.

सिरिल पॅव्हेलियनच्या सज्जात बसला होता. त्याच्या पायांना पॅड नव्हते.

महायुद्ध संपल्यावर नौदलातून परतलेल्या या माणसाने पहिल्याच उन्हाळ्यात काउंटीला वेड लावलं होतं. तो फलंदाजीला आला की बँकेतले कारकून काम आवरून मैदानाची वाट धरत. इंग्लंडकडून अकरा कसोट्या खेळून झाल्या होत्या. कव्हरमधून चेंडू जाताना बॅटचा आवाज सुद्धा येत नाही, असं लोक सांगत.

यंदा मे महिन्यात उत्तरेकडच्या एका सामन्यात त्याचा जबडा मोडला. हाड जुळलं. पण गोलंदाजाचा हात वर गेला की सिरिलचा मागचा पाय आपोआप चेंडूपासून दूर, लेगकडे सरकू लागला. त्याला ते कळत होतं, थांबवता मात्र येत नव्हतं. पाय सरकल्यामुळे जागा मिळे आणि ड्राइव्ह आणखी देखणा बसे. एका वार्ताहराने लिहिलं, वेदरॉलच्या खेळाला नवी ऐट आली आहे. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याचा संघ रविवारी रेडिओवर जाहीर व्हायचा होता.

त्या संध्याकाळी खेळपट्टी पावसाने भिजून वाळत होती. राउनट्रीचा चेंडू मधूनच छातीपर्यंत उसळत होता. पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला सिरिल वाकला आणि पट्टे सोडू लागला.

शेजारी वॉल्ट पाइप ओढत होता. "काय राजे, घरी निघालात?"

"उजेड गेलाय. आता कुणी बाद झालाच तर साहेब नाइट वॉचमन पाठवतील."

दिवसाच्या शेवटच्या काही षटकांत चांगला फलंदाज गमावू नये म्हणून तळाचा एखादा पुढे करायचा, ही जुनी रीत. पण तो निर्णय कर्णधाराचा.

"साहेब म्हणाले तसं?"

"म्हणतील."

वॉल्टने आवाज खाली आणला. "जूनपासून बघतोय मी. तुझा मागचा पाय लेगच्या अंपायरला भेटायला जातो. पेपरवाले त्याला ऐट म्हणतात. म्हणू देत बापडे."

सिरिलने आजूबाजूला पाहिलं. "कुणाला बोललास?"

"माझ्या एडनाला सुद्धा नाही. आण ते पॅड इकडे, माझे खाली राहिलेत. मला कोण नेतंय ऑस्ट्रेलियाला?"

तो पट्टे आवळत असतानाच विकेट पडली. कर्णधार मिस्टर फॉसेट वरच्या मजल्यावर, बिनपगारी हौशी खेळाडूंच्या वेगळ्या खोलीत होते. ते जिन्यावरून डोकावले. वेदरॉल मोकळा, ग्रिमशॉ पॅड बांधून तयार. खाली कुणीतरी ठरवलेलं दिसतंय, असं त्यांना वाटलं.

"ग्रिमशॉ जातोय? ठीक. सरळ खेळ रे."

"सरळच खेळतो साहेब, चेंडूच वाकडा येतो," वॉल्ट म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

त्याने दोन चेंडू अडवले. तिसरा उसळला.

इस्पितळाच्या बाकावर एडना ग्रिमशॉ कोट अंगावर तसाच ठेवून बसली होती. नर्सने दिलेल्या चहावर साय धरली होती. सिरिलला बघून ती सरकली नाही.

"तो तुझ्या आधी कसा गेला?"

"अशी रीत आहे, एडना. संध्याकाळी चांगला फलंदाज राखून ठेवतात."

"आणि माझा नवरा खर्चायला काढतात."

सिरिलच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. त्याने टोपी दोन्ही हातांत धरली, चुरगाळली, आणि म्हणाला, "साहेबांनीच पाठवलं त्याला."

हे म्हणताना त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली ती वॉल्ट शुद्धीवर येण्याची. ती भीती ओळखू आल्यावर तो तिथे फार वेळ बसू शकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरांत आलं, ग्रिमशॉला कर्णधाराने पुढे पाठवलं होतं. फॉसेटने सिरिलला जिन्याजवळ गाठलं. "काल तुला ग्रिमशॉला पाठव असं कुणी सांगितलं होतं?"

"मला वाटलं, तुम्ही सांगितलंत."

"मला वाटलं, तुम्ही लोकांनी आपापसात ठरवलंत." फॉसेटने घड्याळात पाहिलं. "नंतर बोलू. आधी बॅटिंग कर."

साडेअकराला सिरिल मैदानात उतरला. गोलंदाजांच्या पावलांच्या जागी ओल टिपायला भुसा पसरलेला होता. राउनट्री जवळून गेला. डोळे लाल, दाढी न केलेली.

"कसा आहे तो?"

"शुद्धीवर नाही."

राउनट्रीने मान हलवली आणि रनअप घ्यायला लांब गेला. त्याचा हात वर गेला. सिरिलचा पाय सरकला. चेंडू मात्र पुढे, बॅटच्या टप्प्यात पडला. दुसराही तसाच. कालच्या प्रकारानंतर राउनट्रीला आज आखूड चेंडू टाकायचा धीर होत नव्हता, आणि हे कळताच सिरिल मोकळा खेळू लागला. कव्हरमधून चौकार गेला, मग आणखी एक. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सिरिलने त्यांच्याकडे पाहिलं नाही. प्रत्येक चेंडूला पाय सरकत होता आणि प्रत्येक फटका देखणा बसत होता.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेदरॉल त्रेचाळीस धावांवर नाबाद होता. हॅमची बशी त्याने बाजूला सारली. सचिवांच्या खोलीतून फॉसेट निरोप घेऊन आले. वॉल्टला दहा वाजता शस्त्रक्रियेला नेलं होतं, डॉक्टर अजून बाहेर आलेले नाहीत. एडनाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. वॉल्टच्या पायातल्या पॅडवर वेदरॉलचं नाव कसं, आणि वेदरॉल येणार आहे का.

"काय सांगू तिला?" फॉसेटने विचारलं.

खेळ पुन्हा सुरू व्हायला थोडा वेळ उरला होता. सिरिल वाकला आणि पॅडचे पट्टे सोडू लागला. "मीच सांगतो तिला."